कळव्याची मोनी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. चर्चमध्ये कन्फेशनला गुडघे टेकले की जाळीपलीकडच्या फादरांना बारीकसारीक सगळं सांगायचे — भावाला चिमटा काढला, डब्यातल्या नेवऱ्या चोरून खाल्ल्या — आणि हे तेवढं गिळून टाकायचे. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? माहीत नाही.

आम्ही ठाण्याचे जुने ख्रिस्ती. बाबा मिठागरावर कामाला. त्यामुळे आमच्या नाताळच्या भेटी दुकानातून यायच्या नाहीत, आयच्या हातून यायच्या. आईला आम्ही आय म्हणायचो. जुना स्वेटर उसवून बाबांना मफलर, पिठाच्या पिशव्यांचे रुमाल, त्यांच्या कोपऱ्यात लाल फूल. डिसेंबर लागला की आय सुई-दोरा घेऊन गुणगुणत बसायची. घरात फारसं काही नसायचं, आणि तरी आम्ही खरंच मजेत होतो — हे मात्र खोटं नाही.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दोन वर्षं झालेली. मी तेव्हा नऊ-दहाची असेन. वर्गातल्या एकीला डोळे मिटणारी विलायती बाहुली मिळालेली. मला आयनं चिंध्यांची केली. लोकरीचे केस, आणि अंगावर आयच्याच लुगड्याचा तुकडा, आय नेसायची तसाच काष्टा घालून नेसवलेला. किती हौसेनं केलेली! आणि मला — मला लाज वाटली. बाहुलीची? की शाळेच्या फाटकाशी लुगडं नेसून उभ्या राहणाऱ्या आयची? आयचीच वाटली. सांगूनच टाकते.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मी ती कळव्याच्या पुलावरून खाडीत फेकली.

आयनं विचारलं, बाहुली कुठाय? मी म्हटलं, कळव्याच्या एका गरीब मुलीला दिली. नावसुद्धा ठोकून दिलं — मोनी. आय रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं मला जवळ ओढलं आणि आनंदानं रडली. मग आळीभर सांगत सुटली, माझ्या पोरीचं मन किती मोठं!

पुढच्या नाताळला तिनं मोनीसाठी बाहुली केली. त्याच्या पुढच्याही. संध्याकाळच्या रोझरीत मोनीच्या नावानं एक प्रार्थना जास्तीची. मी पुडकं घेऊन पूल ओलांडायचे, दिसेल त्या पोरीच्या हातात कोंबायचे आणि पळत घरी यायचे. एकीलाही नाव विचारलं नाही. खरं का नाही सांगितलं? आयची हौस मोडेल म्हणून — असं मी स्वतःला समजवायचे. पण आळीतलं ते कौतुक मला आवडायला लागलेलं, दुसरं काय?

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले. माहेरी गेले की मोनी केवढी झाली, हा आयचा प्रश्न ठरलेला: "तुजी मोनी आता कवरी झाली असल गो?" एकदा हे प्रकरण मिटवावं म्हणून मी म्हटलं, तिचं लग्न झालं, मुलगाही झाला. वाटलं, सुटले.

तेव्हा मला दिवस गेलेले. आमच्यात बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवत नाहीत, दृष्ट लागते म्हणून. आय हे कडक पाळायची. पण मोनीचं मूल तर जन्मलेलं होतं! मग काय, तिनं आपलं मऊ लुगडं फाडलं आणि झबलं शिवलं. गळ्याला बारीक लाल टाके. माझ्या हातात देऊन म्हणाली, "आदी मोनीच्या पोराला. तुज्या बालाला, तो जल्मला का मंग शिवन."

मी ते घेतलं. देईन म्हटलं.

नाताळ झाला, आणि थोड्याच दिवसांत आय गेली. माझा मुलगा त्यानंतर जन्मला. आजीच्या हातचं म्हणून त्याला एवढं एकच मिळालं, ते मोनीच्या पोराचं झबलं. मी ते त्याला घातलं, फोटोही काढून घेतला. फोटो पाहिला की सगळे म्हणतात, आजीनं नातवासाठी किती प्रेमानं शिवलेलं!

मी हो म्हणते.