अंतरपाट पडतानाचा फोटो

आमच्याकडे मुहूर्त पत्रिकेत असतो आणि लग्न पुढारी आल्यावर लागतं. नेकनूरजवळच्या त्या लग्नाचा मुहूर्त दुपारचा होता. साहेब आले तेव्हा दिवस मावळत होता. दुपारचं लग्न म्हणून मांडवात दिव्यांची सोय नव्हती, आणि माझ्या फ्लॅशचे सेल साहेबांच्या नि त्यांच्या मागच्या मंडळींच्या सत्कारातच संपले. मी मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार केला.

एरवी मी एवढी घाबरले नसते. पण सकाळी नवरीच्या आईनं मला चुलीपाशी बसवून चहा दिला होता. त्यांच्यात मंगलाष्टकांच्या वेळी आईनं मांडवात थांबायचं नसतं, घरामागे तुळशीला पाणी घालत उभं राहायचं. ती म्हणाली होती, "ताई, अंतरपाट पडताना तिचं तोंड मला दिसायचं न्हाई. तेवढं मला दावा."

आता ते तोंडच अंधारात चाललं होतं. पहिलं मंगलाष्टक सुरू झालं. मी लेन्सचं ॲपर्चर होतं तेवढं उघडलं. थोडा उजेड आला, पण इतक्या उघड्या लेन्समध्ये एकच चेहरा स्पष्ट येणार, दुसरा पुसट. शटर सावकाश करून पाहिलं, तर अक्षता टाकणाऱ्या हातांचे नुसते फराटे आणि नवरीचा चेहरा हललेला. शटर पुन्हा वेगात केलं, फोटो काळा. राहिला आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची कमी उजेडात टिपायची ताकद. तो चढवला की फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे येतात आणि लोक नावं ठेवतात. ठेवू देत. शेवटचं 'सावधान' आलं. आयएसओ चढवला, नवरीच्या डोळ्यांवर फोकस धरला आणि अंतरपाट खाली येताच बटण दाबलं.

स्क्रीनवर पाहिलं. नवरदेव पुसट, सगळीकडे दाणे, आणि नवरी नवऱ्याकडे बघतच नव्हती. मान तिरकी करून भलतीकडेच. आता अंतरपाट पुन्हा कोण धरणार?

मी घरामागे गेले. आई रिकामा तांब्या धरून तुळशीपाशी उभी होती. फोटो नीट आला नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि कॅमेरा जवळ घेतला. मग मांडवाकडे पाहिलं, पुन्हा स्क्रीनकडे.

"हिकडं बघतीय की," ती म्हणाली. "माज्याकडं."