घडीच्या रेघेवर

दर उन्हाळ्यात आमच्याकडे जुन्या रेशमी ओढण्यांच्या घड्या बदलायच्या असतात. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं, की त्या रेघेवरच विरतं. ह्यांनी हौसेने जमवलेल्या या ओढण्या. गुजरातेतल्या, बनारसच्या, कुठल्या कुठल्या नवऱ्या मुलींच्या. आता ह्यांचे हात थरथरतात, म्हणून ते खुर्चीतून सांगतात आणि मी पलंगावर घड्या घालते.

"तो तेलाचा डाग जप हं. तिच्या भांगातलं तेल आहे ते," ते म्हणाले.

कोण होती ती, कुणास ठाऊक. पण तिचा डागही मी मलमलीत गुंडाळून ठेवला. पाठ भरून आली होती. परक्या बायकांची लग्नं सांभाळता सांभाळता माझे किती उन्हाळे गेले!

ट्रंकेच्या तळाशी मी लग्नात डोक्यावरून घेतलेला शेला होता. संग्रहातला नव्हे, नुसताच ठेवलेला. उचलला, तर घडीच्या रेघेवर फाटून दोन तुकडेच हातात आले. त्याची घडी बदलायचं आम्हा दोघांच्याही कधी मनात आलं नव्हतं.

"झालं का गं सगळं?" त्यांनी विचारलं.

"झालं," म्हटलं, आणि दोन्ही तुकडे होते तसेच जुन्या घडीवर ठेवून दिले.