ओल्या गोणीवरचा हस्की

मे महिन्यातला रविवार होता. हस्की या बर्फाळ मुलखातल्या कुत्र्याच्या पिल्लासाठी खिशात अठरा हजार रुपये होते, सोबत बायको आणि लेक. पिल्लू आणणाऱ्या माणसाची वाट बघत आम्ही वारंगा फाट्यावर रसवंतीत बसलो होतो.

शेजारी एक म्हातारे ओल्या गोणीवर बसलेल्या मोठ्या हस्कीच्या कानांवर भिजवलेलं उपरणं पिळत होते. उरलेली ओल ते स्वतःच्या डोक्याला लावत. कुत्रं सारखं धापा टाकत होतं.

"आजोबा, आम्ही पण असाच घेणार," लेक म्हणाली.

"घर कसं हाय, बाई?"

"पत्र्याचं."

त्यांनी उपरणं पुन्हा भिजवलं. "पोरानं पुण्यात फोटू पाहून घेतलं. फ्लॅटात रडून राहिलं, म्हून माझ्याकडं धाडलं. त्याच्या आधी मलाबी नेलतं तिकडं. मला पुणं मानवलं न्हाई, याला गाव मानवत न्हाई."

लेकीनं कुत्र्याच्या ओल्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "पप्पा, नको म्हणून सांगा."

मी फोन करून नको म्हणून सांगितलं. ते पिल्लू आता दुसऱ्या कुणाच्या पत्र्याखाली जाणार, हे मला कळत होतं.

निघताना रसवंतीवाल्याला साठ रुपये दिले. तीन ग्लास रसाचे पंचेचाळीस, आणि त्या कुत्र्याच्या गोणीवर टाकायला सांगितलेल्या बर्फाचे पंधरा.