पंचवीस घोड्यांची मोटर

आमच्या घरात घोडा कधी नव्हता, पण घोड्यांची बोलणी मी लहानपणापासून ऐकत आले. माझं माहेर सांगलीचं. वडील ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. आसपासच्या गावांतले उसाचे बागायतदार येऊन ओट्यावर टेकायचे आणि पहिलाच प्रश्न असायचा, किती घोड्यांचं घेऊ? पाच की आठ? वडील लगेच उत्तर देत नसत. विहीर किती खोल, ऊस किती, पाइप कुठवर न्यायचाय, सगळं विचारून घ्यायचे आणि मग सांगायचे. कुणी शेजाऱ्यावर ताण करायची म्हणून मोठं इंजिन मागितलं, की म्हणायचे, "नाकापरीस मोती जड करू नगा."

अशा घरातून मी कोयनेच्या पाण्याकाठी, जावळीच्या डोंगरात दिलेली. नवरा मिलिटरीत, एवढ्यावर लग्न ठरलं. धरण होऊन थोडीच वर्षं झाली होती. सासरची भाताची खाचरं, जुनं गाव, देऊळ, सगळं पाण्याखाली. सरकारनं बरीच घरं लांबच्या मुलखात नेऊन वसवली. डोंगरावर ज्यांची थोडी जमीन उरली होती ती मोजकी घरं वर सरकून राहिली, त्यातलं आमचं. बाजार, दवाखाना, एस्टी, सगळं पलीकडच्या काठाला. मधे पाणी. दारात सायकल असावी तशी आमच्या दारात होडी, आणि ती बायासुद्धा वल्हवायच्या. मी सांगलीची, मला आधी पाण्याची भीती वाटायची. थोरल्या जाऊबाईंनी माझी चेष्टा करकरून ती घालवली.

सासरे पाण्यावर गेले. हे तेव्हा रजेवर आले होते. सासऱ्यांच्या छातीत कळ आली, त्यांना होडीत निजवलं आणि ह्यांनी वल्ही घेतली. दुपार टळली की तिथं समोरून वारा सुटतो. माणूस जीव काढून वल्हवतो आणि होडी जागची हलत नाही. मधोमध असताना सासऱ्यांनी पाणी मागितलं. वल्ही सोडली तर वारा होडी मागं नेतो, म्हणून ह्यांनी "थांबा दादा, पोचलूच," म्हटलं. पलीकडे पोचले तेव्हा दादा नव्हते. चहूकडे पाणी आणि बापाला घोटभर पाजता आलं नाही, हे ह्यांनी मला एकदाच सांगितलं. पुन्हा कधी त्या गोष्टीकडे वळले नाहीत, पण विसरले असतील असं मला एक दिवसही वाटलं नाही.

एकाहत्तरची लढाई झाली आणि पुढं हे पेन्शनीत आले. पलटणीत ह्यांचं काम नदीवर पूल टाकायचं. तिथं ह्यांनी होडीच्या मागं लावायची मोटर बघितलेली. घरी आल्यावर गडी दुसरं बोलेना. जेवताना मोटर, गुरांना वैरण घालताना मोटर. सासूबाई म्हणायच्या, "आरं, बायकू हाय तुजी, तिच्याशी मोटारीबिगर काय तरी बोल." त्यावर हे हसायचे आणि मग मलाच मोटर समजावून द्यायचे. मला राग यायचा, आणि रागावताही यायचं नाही. ह्या माणसाला दुसऱ्या कुणाचाही जीव पाण्यावर जाऊ द्यायचा नव्हता. ह्यांना तेवढंच हवं होतं.

किती घोड्यांची घ्यायची, यासाठी आम्ही सांगलीला गेलो. वडील आणि हे ओट्यावर बसले. मी आतून चहा घेऊन आले तर दोघांनी कोळशानं फरशीवर होडी काढलेली.

"पावणं, लांबी किती? माणसं किती बसत्यात?"

ह्यांनी सगळं सांगितलं.

"मागची फळी कसली? लोखंड मारून घ्यावं लागंल. दहा घोड्यांची लय झाली तुमास्नी. पाच सुद्धा चालंल."

"मामा, समोरनं वारा आला की दहा दम टाकंल. आजारी माणूस, वर दोगं-तिगं, आन पावसाळ्यात वरनं ओढ. आमी पलटणीत पंचवीसची लावायचू. पंचवीसची घेऊ. घाईला कमी नगं पडाय."

वडिलांनी बराच वेळ त्या कोळशाच्या होडीकडे बघितलं. सासऱ्यांची हकिगत त्यांना ठाऊक होती, म्हणून मोत्याची म्हण त्यांनी गिळली. फळी जाड करा, लोखंडी पट्ट्या मारा, एवढंच म्हणाले. दोघंही जाणते. पाणी, वारा, वजन, फळी, सगळं त्यांनी धरलं. पण वडिलांचं इंजिन एकदा विहिरीवर बसलं की जन्मभर तिथंच. आणि ह्यांच्या पलटणीत हुकूम सुटला की चार जवान मोटर उचलायचे, कुणी वळून बघायचं नाही. रोज ती उचलून पाण्यापर्यंत न्यायची कुणी, हा प्रश्न त्या ओट्यावर आलाच नाही. चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या मलाही तो सुचला नाही.

पलटणीतल्या एका दोस्तानं मुंबईहून मोटर मिळवून दिली. ती आली तेव्हा नवरात्र बसलं होतं. तेव्हा धरण तुडुंब असतं आणि पाणी आमच्या परड्याला लागलेलं. ओसरीवरून उचलली, चार पावलं गेलं की होडी. खंडेनवमीला विळे, कोयते, नांगर यांच्या रांगेत मोटरही मांडली. सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावताना विचारलं, "हिचं कपाळ कुठं म्हनायचं रं?" सगळे खो खो हसले.

दुसऱ्या दिवशी हे आईला पलीकडे घेऊन गेले. मी आणि जाऊबाई पण होतो. मोटर सुरू झाली आणि होडीचं तोंड वर उठलं. सासूबाईंचा पदर उडाला, तो त्यांनी दातात धरला आणि डोळे गच्च मिटले. पोचल्यावर म्हणाल्या, "झालं? एवड्यात? मी आजून देवाचं नाव बी घेतलं न्हाई." परत येताना मात्र डोळे उघडे ठेवून बसल्या. मधोमध आल्यावर त्यांनी हात जोडले. कुणासाठी ते आम्हाला सांगावं लागलं नाही. ह्यांचा चेहरा त्या दिवशी जसा होता तसा मी पुन्हा बघितला नाही.

कोयनेचं पाणी मात्र एका जागी राहत नाही. दिवाळी झाली की उतरायला लागतं. शिमग्यापर्यंत परड्यापासून बरंच खाली जातं आणि उन्हाळ्यात तर काठ डोंगराच्या पार तळाशी. मधे सगळा उतार, आधी दगड, मग जुन्या खाचरांचा गाळ, गुडघ्याएवढा. होडी रोज पाण्यामागं खाली ओढायची. मागं मोटर असली की तिचं बूड गाळात रुततं आणि होडी हलत नाही. म्हणून मोटर काढून घरात आणायची, लागेल तेव्हा खाली न्यायची. अर्ध्या पोत्याहून जड, आणि धरायला धड कान नाही की कडी. वैशाखात जत्रेला मुंबईची माणसं घरी असतात. तेव्हा चौघं जण वाशाला बांधून ती खाली न्यायचे आणि वर "बाजीराव निघालं" म्हणून ओरडायचे. आम्ही बाया हसायचो.

जत्रा झाली, लग्नं झाली, माणसं मुंबईला गेली. आमच्या डोंगरातली घरं वर्षातले बरेचसे महिने बाया, म्हातारी आणि लेकरं यांचीच. थोरले दीरही गेले. जेठ लागला. हे पेन्शनीच्या कामाला साताऱ्याला गेले होते. सासूबाई पावसाच्या आत सरपण आत घेत होत्या. लाकडाखाली घोणस होती.

त्या ओरडल्या नाहीत. ओसरीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आगं, चावलं बग." पायावर दोन दात. जाऊबाईंनी फडकं आवळलं. पलीकडे मेढ्याला दवाखान्यात लस मिळते हे सगळ्यांना माहीत होतं. शेजारच्या दोघी आल्या, त्यांनी सासूबाईंना घोंगडीच्या झोळीत घेतलं. मी वल्ही उचलली तर जाऊबाईंनी हात धरला.

"दुपार कललीया. वारं सुटलं. वल्ह्यांनी मामंजी पोचलं का? मोटार घ्यायची."

त्यांचं बरोबर होतं. ह्यांनी आम्हा दोघींना मोटर चालवायला शिकवलं होतं ते ह्याच दिवसासाठी. काही झालं तर वल्ह्यांना हात लावायचा नाही, असं बजावलं होतं. आम्ही मोटर वाशाला बांधली. दगडांवरून दोघींनी नेलीही, कशी नेली देव जाणे. गाळ लागला आणि जाऊबाईंचा पाय गेला. वासा निसटला. मोटर गाळात पंख्यापासून मानेपर्यंत उभी रुतली. आम्ही गुडघ्यांवर बसून ओढली. थोडी निघायची, पुन्हा बसायची. मी तिला शिव्या दिल्या, लाथा मारल्या. झोळीतून सासूबाई बघत होत्या.

"सोडा गं ती," त्या म्हणाल्या. "वल्ही आना."

वल्ही वर घरात होती. मी धावत गेले, धावत आले. होडी लोटली तेव्हा वारा पुरता अंगावर आला होता.

जाऊबाई आणि मी दोघी वल्हवत होतो. सासूबाईंच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. त्यांना कळलं होतं. त्यांनी पाणी मागितलं. मी वल्हं सोडलं, ओंजळीनं पाजलं. होडी मागं गेली तर गेली. पाणी पिऊन त्या थोड्या सावध झाल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "त्याला सांगू नगंस."

"काय, आत्याबाई?"

"मोटार गाळात पडली ते. आदीच बापाचं मनाला लावून घेतलंय त्यानं. त्याला म्हनावं, मोटार लावली व्हती. लय पळाली. माजाच टाइम भरला व्हता म्हनावं."

मग त्या बोलल्या नाहीत. काठ समोर दिसत होता. जाऊबाईंनी वल्हं खाली ठेवलं तेव्हा मला समजलं. आम्ही होडी वळवली. वारा आता पाठीवर होता, घराकडे होडी आपोआप चालली. त्या वाऱ्याचा मला आजही राग येतो.

साताऱ्याला निरोप गेला. मयताला आजूबाजूच्या वाड्यांवरून माणसं आली आणि मोटर उचलायला हात मिळाले. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. जाऊबाईंनी त्यांना सांगून ती गाळातून काढवली आणि आम्ही दोघींनी सुतकातल्या अंगानं ती धुतली. आत बसलेला गाळ काडीनं काढला, फडक्यानं पुसली, मागच्या फळीला बसवून घेतली. शेजारणींना शपथ घातली. रडायला वेळ मिळाला तो त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी हे आले. अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर मला विचारलं, "मोटार लावली व्हती ना?"

"होय," मी म्हणाले. "लय पळाली."

"मग?"

"त्यांचाच टाइम भरला होता."

ह्यांनी मान हलवली आणि खाली पाण्याकडे गेले. मी परड्यातून बघत होते. पाऊस अजून आला नव्हता. वाळत चाललेल्या गाळात मोटर ओढल्याची चर तशीच होती, आणि तिच्या दोन्ही अंगांना आमच्या गुडघ्यांचे खड्डे. ते बुजवायचं आम्हाला सुचलं नव्हतं. हे तिथं थांबले. वाकले. एका खड्ड्यात हात घालून तो किती खोल आहे ते बघितलं. मग वर आले, आंघोळ केली, जेवायला बसले. मी वाढत होते.

तेरावं झाल्यावर त्यांनी पंचवीसची मोटर पलीकडे नेली आणि सांगलीला गेले. आले ते खांद्यावर एक छोटी मोटर घेऊन. किती घोड्यांची ते मी विचारलं नाही. अंगणात खाली ठेवली आणि म्हणाले, "उचलती का बग."

मी चुंबळ केली. त्यांनी एका हातानं टेकू दिला. पाण्यानं भरलेल्या घागरीएवढीच जड होती. मी ती डोक्यावर घेऊन दगडांवरून उतरले, गाळ तुडवत होडीपर्यंत नेली आणि एकटीनं फळीवर ठेवली. हे मागून येत होते. काठावर आम्ही दोघंच.

"आई शेवटी काय म्हनाली?" त्यांनी विचारलं.

माझ्या ओठांवर खरं आलं होतं. ह्यांच्या डोळ्यांकडे बघितलं, तर ते सगळं कळून उभे होते आणि तरी माझ्याकडून ऐकायला थांबले होते. मी सासूबाईंना दिलेला शब्द पाळला.

"मोटार लय पळाली म्हणाल्या."

"व्हय," हे म्हणाले, आणि तिथंच गाळात बसून मोठमोठ्यानं रडले.