इटियाडोहच्या पाळीवर गारपीट

गोठणगावच्या सुमित्राबाई डोंगरवार शाळेचे गणवेश शिवत. पाखरांचं वेड मुळात त्यांच्या नवऱ्याचं, केशोरावांचं. काचबिंदूनं केशोरावांची नजर गेली आणि दुर्बीण सुमित्राबाईंच्या गळ्यात आली. हिवाळ्यात त्या नवऱ्याला लुनावर मागे बसवून इटियाडोह धरणाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नेत आणि दिसेल ते सांगत. आधी सगळी बदकं त्यांना सारखीच वाटत. पुढे वेड त्यांनाच जास्त लागलं. उत्तरेकडून येणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले कादंब हंस तर माहेरच्या पाहुण्यांसारखे झाले.

२०१४ च्या फेब्रुवारीअखेर एका दुपारी आभाळ कळकट पिवळं झालं होतं. वारा पडलेला. शेजारच्या बकारामनं हटकलं, "वहिनी, आज नोका जाऊ. हवा बराबर नाही." पण कादंब परत जायचे दिवस जवळ आले होते. एकदा पाहून येऊ म्हणून दोघं निघाले.

पाळीवरून पलीकडचा काठ अंधुकच दिसत होता. ढग डोंगरांवर टेकले होते. कादंबांचा मोठा थवा पाण्याच्या कडेला होता, पण एकही चरत नव्हता. सगळे एकमेकांना खेटून, माना ताठ करून उभे.

"आवाज काऊन नाही येऊन राहिला?" केशोरावांनी विचारलं.

"गप बसले हायेत जी."

"टिटवीबी ओरडत नाही. चाल वापस."

"थांबा न जरासे. उडले का मंग जाऊ."

केशोरावांनी बायकोच्या पदराचं टोक मुठीत धरलं. थोड्या वेळानं त्यांनी मान वळवली. डोंगरापलीकडून घरघर येत होती, भाताच्या गिरणीसारखी, न थांबणारी.

"हे का होय?"

सुमित्राबाईंनी दुर्बीण तिकडे फिरवली. उतारावरचं रान पांढरं होत होत खाली येत होतं.

"गारा!"

चौकीदाराची खोली पाळीच्या पार टोकाला. लुना सुरू होईना. पहिली गार दगडावर फुटली तसं त्यांनी केशोरावांना कठड्याशी दाबून बसवलं, वरून स्वतः वाकल्या आणि खांद्यावरची कापडाची पिशवी दोघांच्या डोक्यावर धरली. लिंबाएवढ्या गारा. पिशवी धरलेल्या हातात काहीतरी कडकन मोडलं, तरी त्यांनी हात काढला नाही. पाण्याकडून धपधप आवाज येत राहिला.

थांबलं तेव्हा हाडं गोठवणारी थंडी होती. पाण्यावर पांढऱ्या गारांचा थर, आणि त्यात कादंब. काही नुसतेच पंख झाडत होते.

"सांग," केशोराव म्हणाले.

"उडून गेले जी. सगळे."

"मले पडताना आयकू आले, सुमित्रा."

मग त्या रडल्या.

मनगट मोडलं होतं. अर्जुनीच्या दवाखान्यात प्लास्टर झालं. शिलाई मशीन उन्हाळाभर बंद राहिली. पाळीचं नाव घरात कोणी काढलं नाही. नोव्हेंबरात मात्र एका सकाळी केशोराव स्वेटर घालून अंगणात उभे राहिले. सुमित्राबाईंनी लुना काढली.

धरणावर दाट धुकं होतं.

"का दिसते?"

त्यांनी बराच वेळ दुर्बीण फिरवली. "कोणीच नाही जी."

केशोरावांनी मान हलवली. दोघं कठड्याला टेकून कादंबांची वाट बघत संध्याकाळपर्यंत बसून राहिले.