भोकं नसलेलं बटण

शिंपी मास्तरांच्या दुकानात काज-बटणाचं काम करणाऱ्या पोरीला सगळे ‘बटण’च म्हणत. उंची बेताची, चेहरा गोल, आणि एकदा खुर्चीत बसली की शिवल्यासारखी बसायची. वय एकवीस. आईच्या पोटातून येतानाच ती एचआयव्ही घेऊन आली होती. लहानपणी आई चमच्याने औषध पाजायची. आता रोजची एक गोळी तिची तिलाच घ्यायची होती.

गोळी गिळायला सेकंद लागायचा. ती ठेवायची कुठे, हाच मोठा घोळ! भाड्याच्या खोलीत चार मुली. एकीचा कंगवा चौघींच्या डोक्यात, एकीची चिठ्ठी चौघींच्या तोंडात. तिथे गोळी दिसली असती, तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं असतं. म्हणून दर रविवारी ती आईकडच्या बाटलीतून आठवड्याच्या गोळ्या आणायची आणि दुकानातल्या पांढऱ्या बटणांच्या डब्यात, तळाशी ठेवायची. गोळ्याही पांढऱ्या, गोल. आपल्या हुशारीवर ती बेहद्द खूश होती.

मंगळवारी ती काजाचा दोरा आणायला बाहेर गेली आणि नेमकं मास्तरांना बटण हवं झालं. मास्तरांना चष्मा होता, पण तो कपाळावर. त्यांनी एक ‘बटण’ उचललं, कॉलरवर धरलं, सुई घातली. सुई वाकली. दुसरी घातली, तीही वाकली.

ती परतली तेव्हा गल्ल्यासमोर वसुलीला आलेला बटणांचा व्यापारी उभा होता आणि मास्तर तापले होते.

“भोकं पाडायची विसरलात काय हो? पाच निघाली असली! शर्टाला काय गोंदाने चिकटवू?”

“मास्तर, हा माल माझा नाही.”

“मग काय माझ्या आजोबांचा?”

“बरं, द्या. कारखान्यात दाखवतो,” असं म्हणत व्यापाऱ्याने पाचही गोळ्या पाकिटात घातल्या आणि पाकीट पिशवीत टाकलं.

बटण दारातच थबकली. गप्प बसलं तर गुपित शाबूत, पण रविवारपर्यंत औषध नाही. मागे परीक्षेच्या वेळी तिने अशाच आठ गोळ्या बुडवल्या होत्या, तेव्हा दवाखान्यातल्या ताई म्हणाल्या होत्या, “विषाणूला सुट्टी नसते गं.”

पिशवीची चेन लागत होती.

“काका, थांबा! ते औषध आहे. माझं.”

व्यापाऱ्याने पाकीट असं परत केलं, जणू आतून काही चावणार होतं. “औषध बटणात ठेवता, आणि बोलणी मी खायची!” असं म्हणून तो गेला.

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर आणला. “कसलं गं औषध?”

तिने सांगितलं. एका दमात, थांबली असती तर उरलेलं राहून गेलं असतं.

मास्तर मापाची टेप गुंडाळू लागले. “म्हणजे मी तुझं औषध गिऱ्हाइकाच्या कॉलरला लावत होतो?”

“वरच्या बटणाच्या जागी.”

“आणि परवा मला सुई टोचली, ती तुझी?”

“ती तुमचीच होती, मास्तर. चष्मा कपाळावर होता.” मग हळूच म्हणाली, “रोज गोळी घेतली की विषाणू आत दबलेला राहतो. माझ्या तपासणीत आता सापडतही नाही.”

“आजची घेतलीस?”

“नाही.”

“मग माझं तोंड काय बघतेस? घे!”

तिने घेतली. तोवर मास्तरांनी अस्तराचा तुकडा कापला होता. “तुझ्या एप्रनला आतून चोरखिसा लावून देतो. गोळ्यांची छोटी डबी सहज बसेल. कुणाच्या बापाला दिसायचा नाही.”

तिने एप्रनवरून हात फिरवला. “मास्तर, बाहेरून लावा.”

“बाहेरून? गिऱ्हाइकं विचारतील.”

“विचारू देत. काय सांगायचं ते मी बघेन.”

मास्तरांनी अस्तर बाजूला ठेवलं आणि चांगल्यापैकी कापड शोधायला ते कपाटात शिरले. “मग रंग तरी सांग,” आतून आवाज आला, “बाहेरचा खिसा म्हणजे दुकानाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे!”