भाचीबद्दल चकार शब्द नाही

आमच्या ह्यांना हात मिळालेत सोफे दुरुस्त करायला आणि तोंड मिळालंय बास्केटबॉलवर बोलायला. दुकानात एकीकडे जुनं कापड उसवायचं, स्प्रिंगा ताणून बांधायच्या आणि दुसरीकडे खेळाडूंची सालटी काढायची, हेच आमच्या संसारभर चाललंय. शेजारचा वायरमन आणि लाकडाला पॉलिश करणारे काका साथीला असतातच. मोसम सुरू झाला की तिघं मिळून दुकान डोक्यावर घेतात. मी मशीनवर कुशनच्या खोळी शिवत बसते. माझं कोण ऐकतंय?

यंदा आपल्या शहराच्या मुलींच्या संघानं पहिले चारही सामने घालवले. वायरमन म्हणाला, "कॅप्टन एकटी काय काय करणार? स्टार आहे, जादूगार नाही."

"कसली डोंबलाची स्टार," काका म्हणाले. "बॉल मिळाला की बाकीच्या आहेत हेच विसरते."

"ती निदान बास्केटमध्ये टाकते तरी," हे कडाडले. "बाकीच्या काय हवा खायला उतरतात?"

पण नव्या उंच पोरीचं नाव निघालं की हे तोंडात खिळे धरायचे. गादीकामात खिळे तोंडातच धरतात, म्हणजे एका हातात कापड आणि दुसऱ्या हातात हातोडी धरता येते. ह्यांना मात्र मूग गिळून बसायला ते बरं निमित्त सापडलं होतं. ती पोरगी म्हणजे ह्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. बॉल कसा धरायचा ते ह्यांनीच तिला शिकवलेलं.

एका दुपारी ती दुकानात आली आणि अर्ध्या उसवलेल्या सोफ्यावर बसली. "मामा, रविवारचा सामना खेळते आणि सोडते. कोचना तसं सांगणार आहे."

मी मशीन थांबवलं. म्हटलं, "अगं, छान खेळतेस की."

"घरीही सगळे हेच म्हणतात, मामी. आणि मामा तर काहीच म्हणत नाही. कॅप्टनला बोलतो, पंचांना बोलतो. मी काय बोलण्याच्यासुद्धा लायकीची नाही?"

मला असा संताप आला ह्यांचा! म्हटलं, "अहो, काढा ते खिळे आणि बोला. नाहीतर आज स्वयंपाक तुमचा तुम्ही करा."

ह्यांनी खिळे तळहातावर घेतले. "तुला लागेल गं."

"लागू दे."

"मग ऐक. बास्केटखाली बॉल मिळाला की तू आधी कॅप्टनला शोधतेस. चुकायची भीती वाटते तुला. एवढी उंची काय पंखे पुसायला मिळालीय?"

पोरीचे डोळे भरले. मी ह्यांच्याकडे डोळे वटारले, पण तोवर तिच्याही नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. "तिला पास दिला नाही तर ती ओरडते."

"ओरडू दे. नुसते पासच द्यायचे असते तर कोचनी बुटकी घेतली असती. आणि मागच्या सामन्यात जागा सोडून कुठे पळालीस?"

"तिथं मी बरोबर होते. माझ्या मागून त्यांची मुलगी सुटली होती, ती तुला टीव्हीवर दिसली नाही."

ह्यांनी हातोडी खाली ठेवली. "असेल. ते मान्य." वायरमन आणि काका एकमेकांकडे बघतच राहिले. ह्यांनी काही मान्य केलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

मग चौघांची जी जुंपली, ती तिची सरावाची वेळ होईपर्यंत. सोडण्याचं काय ठरलं ते ती बोलली नाही आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही.

रविवारी तिनं स्वतः बास्केटमध्ये बॉल टाकायला घेतला. पहिले दोन चुकले, तिसरा गेला. मग ती टाकतच राहिली. संघ तरीही थोडक्यात हरला. ह्यांनी टीव्ही बंद केला. "माझ्यामुळे सोडणार बघ पोरगी. उगाच बोललो."

तेवढ्यात भाचीचाच फोन आला. तिला अजून धाप लागलेली होती.

"मामा, शेवटी शेवटी माझं काय चुकलं ते पटकन सांग. उद्या सकाळी सराव आहे."

हे डोळे पुसत म्हणाले, "पटकन नाही व्हायचं. बस आधी."